थोरली पाती, धाकटी पाती : एका खेळाच्या भाऊबंदकीची हकिकत

दिवाळीची सुट्टी लागली की घरोघर मुलांच्या मागण्यांची यादी तयार होते. नवे कपडे, फटाके, गोष्टींची पुस्तके यांच्या जोडीला त्या यादीत आता एक नाव हटकून असते : माइनक्राफ्ट. वडीलधारी माणसे हौसेने पैसे मोजायला निघतात आणि मग त्यांच्यापुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहतो. कोणते घ्यायचे, जावा की बेडरॉक? खेळ एक, नाव एक, चित्रेही बव्हंशी सारखी. मग ही दोन बिरुदे कशाची? एखाद्या जाणत्याला विचारावे तर तो सांगतो, दोन्ही एकच. घरातल्या चिरंजीवांना विचारावे तर ते सांगतात, दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे असते.

असे कोडे पुढे आले म्हणजे आपण गुणदोषांचा तक्ता मांडून बसतो. परंतु काही कोडी तक्त्याने सुटत नाहीत. माळव्यातील देवास गावी पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या, आणि १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत हा प्रकार चालू होता. एका गावात दोन राज्ये का, याचे उत्तर गावाच्या नकाशात नव्हते. ते घराण्याच्या वंशावळीत होते. माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्यांचेही तसेच आहे. त्यांची वंशावळ ध्यानात आली की कोणती निवडावी हे सांगायला तिसऱ्या माणसाची गरज उरत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. माइनक्राफ्टमधील सारी सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची आहे. माती ठोकळ्यांची, दगड ठोकळ्यांचा, झाडे, वाळू, पाणी, सारे त्याच मापाचे. खेळणाऱ्याने ठोकळा खणून काढावा आणि हवा तेथे ठेवावा. दिवस मावळला की राक्षस हिंडू लागतात, तेव्हा त्याआधी निवारा बांधावा. पुढे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. कोणी झोपडी बांधतो, कोणी राजवाडा, कोणी आगगाडी. अशा खेळांना इंग्रजीत सँडबॉक्स, म्हणजे वाळूचा हौद, म्हणतात. आपल्याकडे अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना हा आनंद काही नवा नाही. फरक एवढाच की या अंगणाला कुंपण नाही, आणि दुसऱ्या गावचा सवंगडीही तुमच्या किल्ल्यावर येऊन दगड रचू शकतो. मात्र त्याच्याजवळ योग्य ती आवृत्ती असली पाहिजे! सगळी मेख या शेवटच्या अटीत आहे.

* * *

कथेचा आरंभ स्वीडनमध्ये, इ. स. २००९ साली होतो. मार्कुस पर्सन नावाचा तिशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण नोकरी सांभाळून फावल्या वेळात खेळ रचीत असे. त्याच सुमारास झॅकरी बार्थ या अमेरिकन रचनाकाराचा इन्फिनिमायनर हा ठोकळे खणण्याचा खेळ प्रसिद्ध झाला होता. त्या खेळाची मूळ संहिता बाहेर फुटली आणि बार्थने त्याचा नाद सोडला. पर्सनला त्यातील कल्पनेचे बीज आवडले. त्याने त्याला स्वतःचे खतपाणी घातले आणि १७ मे २००९ रोजी आपल्या खेळाचे पहिले, अगदी ओबडधोबड रूप लोकांपुढे ठेवले. महिनाभरातच त्याने ते विकायलाही आरंभ केला. खेळ अपुरा असताना किंमत कमी, पुरा होत जाईल तशी जास्त, असा त्याचा सरळ हिशेब होता. जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे खेळ अजून कच्चा असतानाच, दहा लाख प्रती खपल्या. तोवर पर्सनने दोघा भागीदारांसह स्टॉकहोममध्ये मोजँग ही कंपनी काढली होती. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ साधारणपणे 'कसलीशी करामती वस्तू' असा होतो. १८ नोव्हेंबर २०११ रोजी लास व्हेगास येथील मेळाव्यात खेळ पुरा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

पर्सनने हा खेळ जावा नावाच्या संगणकी भाषेत लिहिला होता. पुढच्या साऱ्या भाऊबंदकीचे मूळ या एका निवडीत आहे. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९९५ साली लोकांसमोर आणली, ती 'एकदा लिहा, कोठेही चालवा' अशी ग्वाही देऊन. सामान्यतः प्रत्येक यंत्राची बोली निराळी असते. जावातील लेखन थेट यंत्राशी बोलत नाही. मध्ये एक दुभाषा बसतो आणि तो त्या त्या यंत्राच्या बोलीत सांगणे उलगडून देतो. जेथे दुभाषा आहे तेथे लेखन चालते. त्यामुळे पर्सनचा खेळ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रकारच्या संगणकांवर विनासायास चालू लागला.

या व्यवस्थेचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला की दुभाष्यासाठी तयार केलेले ते लेखन उकलून वाचणे जाणत्यांना तुलनेने सोपे जाते. मोजँगने आतील नावे मुद्दाम गिचमिड करून ठेवली होती. पण हौशी मंडळींनी ती चिकाटीने लावली आणि खेळात स्वतःची भर घालण्यास सुरुवात केली. अशा भरीला मॉड म्हणतात. कोणी नवे प्राणी आणले, कोणी यंत्रे आणली, कोणी चंद्रावर जाण्याची सोय केली. कंपनीनेही या मंडळींशी वैर धरले नाही. उलट त्यांच्यापासून ती शिकली. ठोकळे ढकलणारा पिस्टन २०११ साली मूळ खेळात आला, तो आधी एका हौशी खेळाडूने रचलेला मॉड होता. २०१३ साली आलेले घोडेही असेच एका गाजलेल्या मॉडच्या कर्त्याच्या साहाय्याने आले. पुढे २०१९ मध्ये त्या गिचमिड नावांची किल्ली कंपनीने आपण होऊन प्रसिद्ध केली. खेळणाऱ्यांनीच खेळ घडवावा असे भाग्य थोड्या खेळांच्या वाट्याला येते. ते या थोरल्या पातीला लाभले, आणि ते बव्हंशी तिच्या भाषेमुळे लाभले.

* * *

आता धाकट्या पातीकडे वळू. २०११ साल म्हणजे मुलांच्या हाती मोबाइल येऊ लागल्याचा काळ. तेथेही हा खेळ हवा अशी मागणी होणे ओघानेच आले. पण येथे एक नवल घडले. 'कोठेही चालवा' म्हणणारी भाषा नेमकी जेथे मुले होती तेथेच अडली. आयफोनवर जावाच्या दुभाष्याला थारा नव्हता. दूरदर्शन-संचाला जोडून खेळण्याच्या एक्सबॉक्स, प्लेस्टेशन यांसारख्या यंत्रांवरही तो नव्हता. अँड्रॉइड फोनांत भाषा तीच असली तरी दुभाषा वेगळा होता. तेव्हा मोजँगने फोनसाठी तोच खेळ सी प्लस प्लस या भाषेत पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतला. या भाषेत दुभाषा नसतो. लेखन थेट यंत्राच्या बोलीत उतरते आणि म्हणून दुबळ्या यंत्रावरही ते चपळपणे चालते.

ही 'पॉकेट' म्हणजे खिशातली आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये एक्सपीरिया प्ले या फोनवर प्रथम आली आणि त्याच वर्षी इतर अँड्रॉइड फोनांवर व आयफोनवर पोचली. तिची सुरुवातीची अवस्था मात्र दीनवाणी होती. प्रारंभी तीत नुसते बांधकाम करता येई. उपाशीतापाशी जगून रात्र काढण्याचा थरार नव्हता. तिची सृष्टी लांबीरुंदीला २५६ ठोकळ्यांची, म्हणजे एखाद्या वाडीएवढी. थोरल्या आवृत्तीत कितीही चालले तरी जमीन सहजासहजी सरायची नाही, कारण तेथे मध्यापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळ्यांचा विस्तार आहे. धाकटीला अमर्याद भूमी मिळायला जुलै २०१४ उजाडला. तिला 'पूर्ण' हा किताब तर डिसेंबर २०१६ मध्ये मिळाला.

दरम्यान आणखी शाखा फुटत होत्या. एक्सबॉक्स ३६० साठीची आवृत्ती स्कॉटलंडमधील फोरजे स्टुडिओज या मंडळींनी तयार केली. ती मे २०१२ मध्ये निघाली आणि पुढे प्लेस्टेशन वगैरे यंत्रांवर तिची भावंडे आली. तिची सृष्टीही हजारएक ठोकळ्यांच्या चौकोनात बसणारी होती. पण एकाच पडद्याचे चार भाग करून चौघा भावंडांना शेजारी बसून खेळता येई, हे तिचे मोठे सुख होते. रास्पबेरी पाय या स्वस्त, तळहाताएवढ्या संगणकासाठी २०१३ साली एक फुकट आवृत्ती निघाली. तीत पायथन भाषेतून आज्ञा देऊन ठोकळे रचता येत. शाळांसाठी फिनलंडमधील एका मंडळीने २०११ पासून निराळी आवृत्ती चालविली होती. म्हणजे पाच-सहा वर्षांत एका खेळाची पाच-सहा घरे झाली, आणि प्रत्येक घराला स्वतंत्र दार. थोरला भाऊ संगणकावर, धाकटी बहीण फोनवर आणि आतेभाऊ एक्सबॉक्सवर असेल, तर तिघेही माइनक्राफ्टच खेळत असत. पण एकाच्या किल्ल्यावर दुसऱ्याला पाऊल ठेवता येत नसे.

* * *

सप्टेंबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना मोजँग विकत घेत असल्याचे जाहीर केले. वर्ष संपण्यापूर्वी व्यवहार पुरा झाला आणि पर्सन त्यातून बाहेर पडला. नव्या मालकांपुढे दोन पर्याय होते. थोरल्या पातीला राजगादी मानून बाकीच्यांना तिच्यात विलीन करावे, किंवा धाकटीला वाढवून तिच्याभोवती सारे गोळा करावेत. पहिला पर्याय भावनेला धरून होता, परंतु जावा जेथे पोचत नव्हती तेथे ती आणायची कशी? म्हणून कारभाऱ्यांनी धाकटीला हाती धरले. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० साठी निघालेली आवृत्ती थोरलीची नव्हे, खिशातल्या आवृत्तीची वारस होती. एकाच संगणकावर दोन माइनक्राफ्ट नांदू लागले ते या दिवसापासून. देवासचा प्रकार तो हाच!

२० सप्टेंबर २०१७ हा या इतिहासातील कळीचा दिवस. त्या दिवशी फोन, विंडोज १० आणि एक्सबॉक्स वन यांवरील आवृत्त्या एक झाल्या आणि त्या सर्वांवरील मुले प्रथमच एकमेकांच्या सृष्टीत येऊ-जाऊ लागली. पुढच्या वर्षी निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र त्यांना येऊन मिळाले. सोनीने मात्र बराच काळ दार लावून घेतले होते. प्लेस्टेशन ४ या मेळ्यात आले ते डिसेंबर २०१९ मध्ये. ज्या पायावर हे सारे उभे होते त्याला बेडरॉक, म्हणजे तळखडक, असे नाव होते. खेळातही सर्वांत खाली असणाऱ्या, न फुटणाऱ्या थराला हेच नाव आहे.

पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, आणि जुन्या खेळाडूंच्या मनाला ती लागून राहिली. एकत्र झालेल्या धाकट्या पातीला नुसते 'माइनक्राफ्ट' हे नाव मिळाले आणि २००९ पासून ते नाव चालवणाऱ्या मूळ खेळाला 'जावा आवृत्ती' असे शेपूट जोडण्यात आले. थोरल्याच्या घरावरची कुळाची पाटी उतरवून धाकट्याच्या दारावर लावावी तसेच हे झाले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नसेल. बहुसंख्यांच्या हाती जे असते तेच अखेर नाव घेऊन जाते. पण 'आमचाच खेळ खरा' हा जो वाद मुले पोटतिडकीने घालतात, त्याच्या मुळाशी हे शेपूट आहे, हे वडिलांनी समजून घ्यावे.

एकीकरणाची किंमत आणखी काहींनी मोजली. एक्सबॉक्स ३६०, प्लेस्टेशन ३, वी यू या जुन्या यंत्रांवरील आवृत्त्यांची वाढ २०१८ च्या अखेरीस थांबली. ॲपलच्या दूरदर्शन-पेटीवरची आवृत्ती दोन वर्षेही न भरता त्याच साली बंद झाली. २०२३ मध्ये जुनी मोजँग खाती मोडीत निघाली. ज्यांनी मुदतीत आपले खाते मायक्रोसॉफ्टकडे वळते केले नाही, त्यांचा विकत घेतलेल्या खेळावरचा हक्क गेला. कागदी पुस्तक घरात आणले की ते आपले होते. या मायावी वस्तूंची मालकी तशी नाही, ही जाणीव मुलांना आणि आपल्याला येथून मिळावी.

* * *

आता प्रत्यक्ष भेदांकडे येऊ. ते मोजायला बसले तर यादी लांबेल. दोन-चार मासले पुरेत.

खेळात रेडस्टोन नावाची लाल भुकटी आहे. तिच्यातून विजेसारखा प्रवाह वाहतो आणि त्यावर दरवाजे, सापळे, चक्क गणकयंत्रेही बांधता येतात. थोरल्या आवृत्तीत पिस्टनला एक विचित्र सवय आहे. त्याच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत प्रवाह पोचला तरी, स्वतःला स्पर्श झालेला नसताना, तो हलतो. ही उघड चूक म्हणून लोकांनी तक्रार नोंदवली. परंतु तोवर असंख्य खेळाडूंनी त्याच चुकीच्या आधारावर यंत्रे उभी केली होती. कंपनीने अखेर 'हे असेच असायचे आहे' असा निर्वाळा दिला. धाकटी आवृत्ती नव्याने लिहिलेली असल्याने तिच्यात ही सवय नाही. पोथीत नक्कलकाराच्या हातून शब्द चुकावा, पुढच्या पिढ्यांनी त्या चुकीच्या शब्दावरच निरूपणे रचावीत आणि तो पाठ पवित्र व्हावा, असे आपल्या वाङ्मयात घडत आले आहे. येथे तेच दहा-बारा वर्षांत घडले. एका आवृत्तीतील यंत्र दुसरीत जसेच्या तसे उतरवले तर चालत नाही, त्याचे एक कारण हे.

लढाईचेही असेच. २०१६ साली थोरलीत नियम आला की एक घाव घातल्यावर हात सावरेपर्यंत थांबावे, एरवी पुढचा घाव फुसका पडतो. धाकटीत तो नियम नाही. थोरलीच्या अनेक खेळाडूंनाही तो रुचला नाही. पण त्यांच्याजवळ एक सोय होती. जावा आवृत्तीत खेळ उघडताना जुने रूप निवडता येते. २०१६ च्या आधीचे रूप निवडून लोक आजही खेळतात. जुन्या प्रती जपणारी ही सोय इतिहासाच्या अभ्यासकाला फार मोलाची वाटते. धाकटी आवृत्ती मात्र ज्याला त्याला नव्या रूपाकडे घेऊन जाते. सर्व यंत्रांवरील मुलांना एका अंगणात ठेवायचे तर तिला दुसरा मार्गही नाही.

भर घालण्याच्या बाबतीतही दोघींच्या रीती निराळ्या आहेत. थोरलीचे मॉड बहुधा फुकट वाटले जातात, पण ते बसवताना थोडी खटपट आणि सावधगिरी लागते. धाकटीत २०१७ पासून कंपनीची पेठ आहे. तेथे खेळातील नाणी मोजून तयार माल घ्यावा. काही माल फुकटही मिळतो. माल सहज बसतो, पण मुलाची बोटे पेठेत घुटमळू लागली की पालकांच्या खिशाकडे लक्ष हवे.

थोरलीच्या मोकळेपणाने काय साधते, याचा एक दाखला देतो. मार्च २०२० मध्ये 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या पत्रकारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने जावा आवृत्तीत एक भव्य ग्रंथालय बांधवून घेतले. ज्या देशांत सरकारने पत्रकारांचे लेखन दडपले, त्या देशांतील लेख तेथे ग्रंथरूपाने मांडले होते. वर्तमानपत्र बंद करणाऱ्या सत्तेला मुलांचा खेळ बंद करण्याचे सुचले नव्हते! हे ग्रंथालय कोणालाही उतरवून घेऊन आपल्या संगणकावर ठेवता येते.

तर मग निवड कशी करावी? जून २०२२ पासून विंडोज संगणकासाठी दोन्ही आवृत्त्या एकत्रच विकल्या जातात. तेथे पैशाचा प्रश्न मिटला आहे. ज्याच्याकडे मॅक किंवा लिनक्स आहे त्याला जावाच घ्यावी लागेल. ज्याच्या हाती फोन, टॅब किंवा दूरदर्शन-संचाला जोडलेले यंत्र आहे त्याला बेडरॉकच मिळेल. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत प्रश्न येथेच संपतो. एक मात्र ध्यानात ठेवावे : फोनवर घेतलेला खेळ संगणकावर आपोआप मिळत नाही.

जेथे दोन्ही शक्य आहेत तेथे मुलाला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, तुझे सवंगडी कोठे खेळतात? दुसरा, तुला खेळात राहायचे आहे की खेळ उघडून आत काय आहे ते पाहायचे आहे? दोन्ही पात्यांतील खेळाडूंना एकत्र आणणारे गायझरसारखे दुभाषे हौशी लोकांनी तयार केले आहेत, २०२१ च्या अखेरीपासून दोन्हींतील डोंगरदऱ्याही बव्हंशी सारख्या घडतात. तरी दारे अजून दोन आहेत. ज्याचे मित्र फोनवर आहेत त्याला थोरलीचे सर्व गुण एकट्याने उपभोगावे लागतील. ज्याला रचनेचा किडा चावला आहे, त्याला धाकटीचे अंगण लौकरच अपुरे वाटेल.

२०२३ साली या खेळाच्या तीस कोटी प्रती खपल्याचे जाहीर झाले. दोन्ही पात्या मिळूनचा हा आकडा आहे, आणि त्यात कोणाचा वाटा किती यावरून हमरीतुमरी करण्यात अर्थ नाही. एकीने खेळ मोकळा ठेवला, दुसरीने तो सर्वांपर्यंत पोचवला. मोकळीक आणि मेळ या दोन गोष्टी एका घरात पूर्णपणे नांदत नाहीत, म्हणून तर घरे दोन झाली. मुलाने कोणतेही दार निवडले तरी त्याने ते का निवडले हे त्याच्याकडून ऐकून घ्यावे. त्या उत्तरातून खेळाविषयी थोडेफार कळेल. मुलाविषयी पुष्कळ कळेल.